एअरबसचा ऑटोथ्रस्ट 'लागत नाही'? आधी रंग बघा!

नमस्कार मंडळी. आज परत सिम्युलेटरमधलं एअरबस ए३२० विमान, कारण मागच्या व्हिडिओखाली तोच प्रश्न: "दादा, ऑटोपायलट लावला, तरी विमान ५,००० फुटांवर सरळ झालं की स्पीड सुसाट पळतो. सिम्युलेटरमध्ये बग आहे का?"

बग नाही हो. लिव्हर बघा, म्हणजे इंजिनांचा जोर (थ्रस्ट) ठरवणारे दांडे. ऑटोथ्रस्ट म्हणजे तो जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, आणि ती लागणं या लिव्हरवरच अवलंबून.

बेसिक पटकन उरकतो. दोन्ही लिव्हर थोडे पुढे, इंजिनं स्थिरावली की फ्लेक्सच्या, म्हणजे कमी केलेल्या टेकऑफ थ्रस्टच्या, खाचेत. स्क्रीनवर 'मॅन फ्लेक्स' (थ्रस्ट हाताने लावलाय) आणि 'एसआरएस' (टेकऑफचा स्पीड धरणारा मोड) आलं पाहिजे. १०० फुटांच्या वर, टेकऑफनंतर ५ सेकंदं गेली, की एपी-१, म्हणजे ऑटोपायलटचं बटण, दाबा. झालं.

आता खरी गोम. थ्रस्ट रिडक्शनची, म्हणजे टेकऑफचा थ्रस्ट कमी करायची, उंची आली, बहुतेकदा धावपट्टीपासून १,५०० फुटांच्या आसपास, की स्क्रीनवर 'एलव्हीआर सीएलबी' (लिव्हर क्लाइंबला घ्या) लुकलुकायला लागतं. लिव्हर क्लाइंबच्या खाचेत मागे घ्या! तोपर्यंत उजवीकडे 'ए/टीएचआर', म्हणजे ऑटोथ्रस्ट, निळ्या अक्षरांत असतं. निळं म्हणजे नुसता तयार बसलाय. खाचेत आलात की पांढरं, म्हणजे कामाला लागला.

यावर एकाचं म्हणणं, "मी लिव्हर ओढलेच नाहीत, तरी चढताना स्पीड बरोबर २५० नॉट होता." असणारच! चढताना थ्रस्ट ठरलेला असतो, स्पीड नाक वर-खाली करून सांभाळला जातो. विमान सरळ झालं की नाक उंची धरून बसतं. मग स्पीडकडे बघणार कोण? ऑटोथ्रस्ट. आणि तो तर निळाच.

बोईंगवाल्यांचा घोळ वेगळा. ७३७मध्ये लिव्हर आपोआप सरकतात, इथे ढिम्म हलत नाहीत. खाचेत ठेवलेला लिव्हर म्हणजे कमाल मर्यादा. ऑटोथ्रस्ट त्याच्या आत थ्रस्ट कमी-जास्त करतो. म्हणून क्लाइंबला ठेवा आणि हात काढा. स्पीड कमी करायला लिव्हर पार मागे ओढणारे बहाद्दर आहेत, त्यांना एवढंच सांगतो, आयडलला नेलात की ऑटोथ्रस्ट सुटतो.

स्वस्त जॉयस्टिकला खाचा नसतात, मान्य. 'फ्लाय-बाय-वायर' या गटाने सिम्युलेटरसाठी बनवलेल्या ए३२०मध्ये कॉकपिटमधल्या टॅबलेटवर थ्रॉटल कॅलिब्रेशन आहे, ते करा. ते न करता मला रात्री एक वाजता मेसेज टाकू नका.

आणि पुढच्या वेळी 'बग' लिहिताना अक्षरं निळी होती की पांढरी, तेही लिहा.