मत नसलेल्या शहरांचा आवाज

नमस्कार, श्रोतेहो.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत करार करतात ती राष्ट्रे. महापालिकांना आणि घटक राज्यांना तेथे मत नाही. १९९५ च्या बर्लिन परिषदेपासून स्थानिक शासनांचा एक गट निरीक्षक म्हणून उपस्थित राहतो, आणि जागतिक तापमानवाढ रोखण्यासाठी झालेल्या २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत शासनाच्या सर्व स्तरांच्या सहभागाचे महत्त्व नोंदवलेले आहे. परंतु मत नाही ते नाहीच.

मत नसतानाही एखादे शहर काय करू शकते, हे पिट्सबर्गने दाखवले, आणि ती हकीकत मी आवर्जून सांगतो. पिट्सबर्ग हे अमेरिकेतील पोलादाचे शहर. १९४० च्या दशकात तेथे कारखान्यांच्या धुरामुळे भरदुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. पुढे कायदे करून त्या शहराने आपले आकाश मोकळे केले. १ जून २०१७ रोजी अमेरिका पॅरिस करारातून बाहेर पडणार असल्याचे जाहीर करताना राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प म्हणाले की, आपण पिट्सबर्गच्या नागरिकांचे प्रतिनिधी म्हणून निवडून आलो आहोत, पॅरिसच्या नव्हे. पिट्सबर्गचे महापौर बिल पेडुटो यांनी त्याच दिवशी उत्तर दिले की, आमचे शहर पॅरिस करार पाळील; आणि दुसऱ्या दिवशी तसा आदेशही काढला. शेकडो अमेरिकी महापौरांनी हीच भूमिका घेतली. त्या नोव्हेंबरात जर्मनीतील बॉन येथे परिषद भरली, तेव्हा अमेरिकी केंद्र सरकारने आपले दालन उभारलेच नव्हते. शहरे, राज्ये आणि उद्योग यांनी मिळून स्वतःचे दालन थाटले आणि जगभरच्या प्रतिनिधींना तेथे बोलावून आपली वचने सांगितली.

पुण्याच्या महापौरांना असा आदेश काढता आला असता का? आला नसता, कारण आपल्या कायद्याने महापालिकेचे कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. त्यातच मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर कित्येक वर्षे येथे निवडून आलेले सभागृहच नव्हते. लाखो मतदारांच्या शहराला इतका काळ नगरसेवकांवाचून ठेवणे मला अत्यंत अनुचित वाटते, आणि हवामानाच्या प्रश्नाशीही त्याचा थेट संबंध आहे. जगापुढे शहराच्या वतीने वचन द्यायचे, तर ते देणारा माणूस शहराला उत्तरदायी असला पाहिजे.

मत नाही, पण कामे शहरांचीच आहेत. पुण्याच्या शहर बससेवेच्या, म्हणजे पीएमपीच्या, विजेवरील बस, ओल्या-सुक्या कचऱ्याचे वर्गीकरण, ओढ्यांच्या पात्रांतील बांधकामे हे विषय परिषदेच्या मंचावर सुटत नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यातील आंबिल ओढ्याच्या पुराने माणसे दगावली, तेव्हा मदतीला धावण्याची जबाबदारी प्रथम स्थानिक यंत्रणेवरच आली. दुबईच्या २०२३ च्या परिषदेत ७० हून अधिक देशांनी राष्ट्रीय हवामान आराखडे शहरांना आणि प्रांतांना सोबत घेऊन तयार करण्याचे मान्य केले. आपल्याकडेही दिल्लीत पुढचे उद्दिष्ट लिहिले जाण्यापूर्वी पुण्यासारख्या महापालिकांना विचारले जावे आणि त्या उद्दिष्टासोबत त्यांच्या वाट्याचा निधीही लिहिला जावा.