इनुइटांची अक्षरं आणि मिशनरी

श्रोतेहो, नमस्कार. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या. एक लहानसा त्रिकोण काढा, टोक वर. हा झाला 'इ'. तोच त्रिकोण टोक उजवीकडे करून काढा, झाला 'उ'. टोक डावीकडे केलं की 'अ'. कॅनडाच्या पूर्व आर्क्टिकमध्ये राहणाऱ्या इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेत मूळ स्वर एवढे तीनच.

आता व्यंजनं. घराच्या छपरासारखी खूण काढा, दोन तिरप्या रेघा वर टोकाला जुळलेल्या. ही 'पि'. टोक उजवीकडे वळवा, 'पु'. डावीकडे वळवा, 'प'. कमान काढली आणि तिचा फुगवटा वर असला तर 'ति', उजवीकडे 'तु', डावीकडे 'त'. वेलांटी नाही, उकार नाही. टोक जिकडे, तिकडचा स्वर. काही अक्षरं अशी फिरत नाहीत, आरशात पाहिल्यासारखी उलटतात. ती पाठच करावी लागतात.

ही लिपी मुळात इनुइटांसाठी नव्हती. 1840 साली, विनिपेग सरोवराच्या उत्तर टोकाजवळ नॉर्वे हाउस इथे, जेम्स इव्हान्स या मेथडिस्ट मिशनऱ्यानं ती क्री या कॅनडातल्या आदिवासी लोकांच्या भाषेसाठी वापरात आणली. छापायला अक्षरांचे खिळे नव्हते. चहाच्या पेट्यांना आतून लावलेला शिशाचा पत्रा वितळवून त्यानं खिळे ओतले, काजळीत माशाचं तेल घोटून शाई केली आणि फरचे गठ्ठे आवळायच्या दाबयंत्रावर पानं छापली. आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. इव्हान्सला देवनागरीची ओळख होती, आणि व्यंजन-स्वर मिळून एक अक्षर ही बैठक त्यानं तिथून घेतली असं बरेच अभ्यासक मानतात. खूण फिरवून स्वर बदलण्याची युक्ती इंग्रजी लघुलिपीची. क्री वृद्ध मात्र ही अक्षरं आपल्याच एका माणसाला लाभली असं सांगत आले आहेत. ते सांगणं बाजूला सारून हा इतिहास पुरा होत नाही.

1855 च्या सुमारास जॉन हॉर्डन आणि ई. ए. वॉटकिन्स या अँग्लिकन मिशनऱ्यांनी ही अक्षरं इनुक्टिटुटला लावली. ती रुजवली एडमंड पेकनं. तो आधी नौदलात खलाशी होता. 1876 साली हडसन उपसागरावर आला. कॅनडाच्या पूर्वेकडच्या लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर मोरेव्हियन मिशनरी 1771 पासून ठाण मांडून होते, पण त्यांची पुस्तकं रोमन लिपीत. पेक भाषा त्या पुस्तकांवरून शिकला, लिहिताना मात्र त्यानं त्रिकोण आणि कमानी घेतल्या. इनुइटांनी त्याला नाव दिलं उकम्माक, म्हणजे चांगलं बोलणारा.

1894 मध्ये पेक बॅफिन बेटाजवळच्या ब्लॅकलीड बेटावर गेला. तिथे देवमासे मारणाऱ्यांचा तळ होता. लाकूड दुर्मीळ, म्हणून पहिलं प्रार्थनाघर देवमाशाच्या हाडांच्या सांगाड्यावर सीलची कातडी ताणून उभारलं. सीलचं कातडं म्हणजे स्लेज, बर्फावरची गाडी, ओढणाऱ्या कुत्र्यांचं खाणंच. भुकेल्या कुत्र्यांनी ते प्रार्थनाघर फाडून खाल्लं.

अक्षरं मात्र टिकली, आणि त्याचं श्रेय मिशनपेक्षा इनुइटांनाच द्यायला हवं. सगळा तक्ता एका पानावर मावायचा. तो स्लेजवरून एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायचा; आई मुलांना शिकवायची, एक शिकारी दुसऱ्याला. कित्येक वस्त्यांत मिशनरी पोहोचायच्या आधीच वाचता येणारी माणसं होती. पुढे लोक याच अक्षरांत एकमेकांना पत्रं लिहू लागले. पण त्याच पुस्तकांबरोबर अंगाक्कुक, म्हणजे आत्म्यांशी बोलणारा वैदू, खोटा ठरवला गेला. ढोलावरची गाणी आणि नाच पाप म्हणून बंद पाडले गेले. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली किती गाणी त्यात कायमची गेली! अक्षरांचं कौतुक करताना हे मी विसरू शकत नाही.

लिपीतली अडचण लिहिण्याच्या सवयीतली होती. स्वर दीर्घ असेल तर अक्षराच्या डोक्यावर टिंब द्यायचं. नुसतं व्यंजन असेल, तर आपण पाय मोडतो, तिथे अकाराचीच खूण बारीक करून वर खांद्याशी लिहितात. जुन्या लिखाणात या दोन्ही गोष्टी सर्रास गाळल्या जात. मग 'इनुक' म्हणजे एक माणूस, 'इनूक' म्हणजे दोन माणसं आणि 'इनुइट' म्हणजे अनेक. पहिल्या दोघांतला फरक फक्त त्या टिंबाचा, आणि टिंबच नाही. जन्मानं भाषा येणारा संदर्भावरून ओळखतो. नव्यानं शिकणारं मूल अडखळतं. 1976 साली इनुइट कल्चरल इन्स्टिट्यूटनं लेखनाचे नियम ठरवले. टिंब आणि बारीक अक्षरं नियमित झाली, आणि 'आइ' या जोडस्वराचा वेगळा रकाना काढून टाकला. नुनाविकमध्ये, म्हणजे क्वेबेक प्रांताच्या उत्तरेकडच्या इनुइट प्रदेशात, लोकांना त्या रकान्याची उणीव भासली आणि त्यांनी तो पुन्हा वापरात घेतला. 2019 मध्ये सगळ्या कॅनडातल्या इनुइटांसाठी एक सामाईक रोमन लेखनपद्धती मंजूर झाली; नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेकडच्या इनुइटबहुल प्रदेशातल्या पाट्यांवर त्रिकोण आणि कमानी आजही आहेत.

पेन्सिल अजून हातात असेल, तर एक शब्द लिहून पाहा. त्रिकोण, टोक डावीकडे. त्याच्या शेजारी कमान, फुगवटा डावीकडे, आणि डोक्यावर टिंब. मग तशीच कमान, टिंबाशिवाय. वाचा: अताता. इनुक्टिटुटमध्ये याचा अर्थ वडील.