एकच घोडा, दोन कामं

श्रोतेहो, नमस्कार.

घोडेस्वारी शिकवणाऱ्या बहुतेक ठिकाणी घोड्यांची वाटणी ठरलेली असते. थंड, वयस्क, सगळं सोसणारा घोडा नवशिक्याला. तापट, तरणाबांड घोडा उड्यांना. या वाटणीला सुरुंग लावणारा एक घोडा होऊन गेला, त्याची गोष्ट आधी ऐका.

साल 1956, फेब्रुवारी महिना. हॅरी डी लेयर हा मूळचा डच गृहस्थ अमेरिकेत, लाँग आयलंडवर, मुलींच्या शाळेत घोडेस्वारी शिकवायचा. शाळेसाठी स्वस्तातला घोडा बघायला तो पेन्सिल्व्हेनियातल्या न्यू हॉलंडच्या बाजारात गेला. पोचायला उशीर झाला. लिलाव उरकला होता, आणि उरलेसुरले घोडे कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढवलेले. त्यात एक पांढरा, थोराड, आधी नांगराला जुंपला जाणारा घोडा होता. छातीवरचे केस पट्ट्याने घासून गेलेले. नजर मात्र शांत. 80 डॉलर मोजून डी लेयरने त्याला खाली उतरवून घेतलं. घरी त्याचं नाव पडलं स्नोमॅन.

जाता जाता सांगतो, आपल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात हा घोडा उभा केला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. आपल्याकडे भोवरे मोजतात, पंचकल्याणी आहे का बघतात. खूर उचलून बघणारं गिऱ्हाईक विरळाच! असो.

स्नोमॅन शाळेत कामाला लागला. भित्र्यातली भित्री मुलगी त्याच्यावर बसायची. पुढे शेजारच्या एका डॉक्टरांनी त्याला दुप्पट किमतीला, म्हणजे 160 डॉलरला नेलं. थोड्याच दिवसांत घोडा डी लेयरच्या दारात परत हजर! मधली कुंपणं उडून आलेला. परत नेला, परत आला. दोरीला टायर बांधला, तर टायर फरफटत आला. डॉक्टर वैतागले. डी लेयरने घोडा परत घेतला आणि उड्या शिकवायला काढल्या.

खरी गंमत पुढेच आहे. जमिनीवर मांडलेल्या साध्या पोलांना, म्हणजे आडव्या दांड्यांना, हा गडी अडखळायचा. उंच अडथळा दिसला की मात्र आरामात पार. 1958 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या स्पर्धेत भल्याभल्या जातिवंत घोड्यांना मागे टाकून तो विजेता ठरला, 1959 साली राष्ट्रीय किताब पुन्हा त्याचाच. नांगराचा घोडा. 80 डॉलरचा. आणि हे सगळं चालू असताना घरची पोरं त्याच्या पाठीवर बसून पाण्यात पोहायला जात होती.

आता कामाचं. पोल. घोडा अडखळत असेल तर सुरुवात एका पोलापासून करा. चालीत सवय झाली की एकदम तीन किंवा चार मांडा. दोन नको. परत सांगतो, दुडकीत दोन पोल नको. दोन दिसले की घोडा ती एकच रुंद उडी समजून दोन्ही एका झेपेत टाकतो. चालीला अंतर 80 ते 90 सेंटिमीटर, दुडकीला 1.2 ते 1.4 मीटर. तट्टू असेल तर कमी. अंतर जास्त पडलं की घोडा दुडकी मोडून पळायला बघतो, कमी पडलं की खूर पोलावर आपटतो. खूर वाजला म्हणून घोड्याला रागावू नका, पोल सरकवा.

हाच घोडा नवशिक्याला द्यायचा असेल तर काळजी तोंडाची घ्या. नवशिक्याचा तोल गेला की तो लगामाला लोंबकळतो, लोखंड तोंडाला हिसकतं, घोडा मान वर काढतो आणि पाठ खाली टाकतो. तशीच सवय लागली की उडीत पाठ गोल होत नाही आणि मागचे पाय अडथळ्याला लागतात. म्हणून पहिले धडे लाँज लाइनवर, म्हणजे लांब दोरीवर घोडा गोल फिरवत. शिक्षक मध्ये उभा, दोरी 7-8 मीटर, लगामाला गाठ मारून तो मानेवर ठेवलेला आणि विद्यार्थ्याच्या हातात गळ्याचा पट्टा. दोरी लगामाच्या कडीला नको, लाँजिंगच्या मोहरकीला लावा. पंधरा-वीस मिनिटं पुरे, आणि दर पाच मिनिटांनी दिशा बदला. एकाच बाजूला फिरवत राहिलात तर घोडा त्या बाजूला आखडतो.

टाचेचंही तसंच. नवशिका प्रत्येक पावलाला टाच मारतो, मग घोडा टाचेला बहिरा होतो. अशा घोड्यावर आठवड्यातून एक-दोनदा जाणता स्वार बसवा. हलकी पोटरी लावायची, घोडा हलला नाही तर छडीचा एकच स्पर्श, आणि हलला की पाय लगेच सैल. पाय सैल करणं विसरलात तर सगळं फुकट. थांबा, चाल, दुडकी, पुन्हा चाल. उड्यांच्या दिवशी रिकिबी दोन-तीन छिद्रं आखूड करा, कारण लांब रिकिबीत स्वार उडीच्या मागे राहतो आणि परत लगामाला लोंबकळतो. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदा बसण्यापूर्वी आणि एकदा पाच मिनिटं चालवल्यावर, असा दोनदा तपासा. बरेच घोडे कसताना पोट फुगवतात!

नमस्कार.