वेझेर नदीच्या कपारींत

नैऋत्य फ्रान्स. इथे वेझेर नदी चुनखडकाचा डोंगर कापत, वळणं घेत जाते. काठाला उभे कडे, आणि कड्यांच्या पायथ्याशी लांबच लांब कपारी. घराची वळचण पुढे यावी तसा खडक पुढे आलेला.

आदिमानव म्हटलं की अंधाऱ्या गुहेत दडून बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. लेझेझी गावाच्या परिसरात मात्र वेगळंच दिसतं. खोल गुहांमध्ये माणसं चित्रं काढायला जात, दिव्यात जनावराची चरबी जाळून. संसार असायचा तो बाहेर कपारीत, उजेडात. अंगावर ऊन, समोर पाणी, हत्यारांसाठी जवळच गारगोटी, आणि खोऱ्यातून फिरणारे रेनडिअरचे कळप. आणखी काय हवं?

आब्री पातो ही अशीच एक कपार. सुमारे 35 हजार ते 20 हजार वर्षांपूर्वी माणसं इथे पुन्हा पुन्हा येऊन राहिली. उत्खननात वस्तीचे 14 थर निघाले. चुलींची राख, दगडी पाती, आणि हाडं, बहुतेक रेनडिअरची. हाडांच्या नळ्या फोडून आतली मज्जा खायची. हिमयुगाच्या थंडीत अंगात ऊब राहायची ती अशा खाण्यानेच. याच कपारीत एका तरुणीचे अवशेष मिळाले, आणि एका तान्ह्या बाळाचेही.

जवळच गॉर्ज दाँफेर नावाची घळ आहे. तिथल्या एका कपारीच्या छतावर मासा कोरलाय. सामन मासा, मीटरभराहून थोडा लांब, म्हणजे अगदी खऱ्याएवढा. वय सुमारे 25 हजार वर्षं. त्याचा खालचा जबडा नीट पाहा. टोकाला आकडीसारखा वर वळलाय. विणीच्या हंगामात प्रवाहाविरुद्ध चढून आलेल्या नराचा जबडा असाच होतो. कोरणाऱ्याने असा मासा जवळून, निरखून पाहिला होता, यात शंकाच नाही.

माशाभोवतीचा खोल चर मात्र त्या काळातला नाही. 1912 मध्ये हा मासा नजरेस पडला, आणि लगेच तो छतातून कापून बर्लिनच्या संग्रहालयाला विकायचा घाट घातला गेला. चारही बाजूंनी छिद्रं पाडूनही झाली होती. फ्रेंच सरकारने ते काम थांबवलं आणि कपार संरक्षित केली. आज एका वेळी मोजक्याच लोकांना आत सोडतात. मासा आपल्या मूळ जागीच आहे, त्या छिद्रांसकट.