शाल-श्रीफळ नव्हे, गाऱ्हाणं

नमस्कार मंडळी! रेडिओवर बोलतेय तर सुरुवात लाऊडस्पीकरपासूनच करते. ९ ऑक्टोबर १९८९, पूर्व जर्मनीतलं लाइपझिग, सोमवारची संध्याकाळ, रस्त्यावर साधारण ७०,००० माणसं, समोर हत्यारबंद पोलीस, आणि आज गोळीबार होतोय की काय ही धाकधूक घरोघरी. तेवढ्यात शहरातल्या भोंग्यांवरून आवाज आला, शांत राहा, बोलून मार्ग काढू. आवाज कुणाचा, तर गेवांडहाउस ऑर्केस्ट्राचे कंडक्टर कुर्ट माझुर यांचा! गोळी काही सुटली नाही, आणि महिन्याभरात बर्लिनची भिंतच गेली.

त्याच ऑर्केस्ट्राच्या गेवांडहाउस या संगीत सभागृहात आता लाइपझिग पुस्तक मेळ्याच्या उद्घाटनाला एक पुरस्कार देतात, युरोपातल्या लोकांनी एकमेकांना समजून घ्यावं म्हणून. नावही तेच, ‘युरोपीय सामंजस्यासाठीचा लाइपझिग पुस्तक पुरस्कार’. १९९४ पासून चालू आहे, सध्या रक्कम २०,००० युरो. नाव ऐकून मला वाटलेलं, असेल आपलं हारतुरे, शाल-श्रीफळ आणि गोडगोड भाषणं. पण यादी बघितली आणि गप्प बसले. १९९७ ला इम्रे कर्तेस, नाझी छळछावणीतून वाचलेला हंगेरियन लेखक, त्याला नोबेल मिळालं २००२ ला. १९९८ ला बेलारूसची लेखिका स्वेतलाना अलेक्सिएविच, तिचं नोबेल तर २०१५ चं. परीक्षकांची नजर भारीच म्हणायची.

आणि २००६ ला युक्रेनचा लेखक युरी आंद्रुखोविच. हा बाबा स्टेजवर गेला आणि आभार मानता मानता यजमानांनाच सुनावून आला, की तुमचं युरोपियन युनियन आमच्यासाठी दार लावून बसलंय आणि आमची माणसं व्हिसासाठी हेलपाटे घालतायत. लग्नात जेवायला बसून आमटी खारट झालीय म्हणण्यासारखंच हे, पण खारट असेल तर कुणीतरी सांगायला नको का? मला तर वाटतं समजून घेणं तिथूनच सुरू होतं, बाकी सगळा सत्कार समारंभ. पुढे २०२३ ला, युक्रेनमध्ये युद्ध पेटलेलं असताना, हाच पुरस्कार रशियन कवयित्री मारिया स्तेपानोव्हाला मिळाला. किती जणांच्या भुवया वर गेल्या असतील!

आणि हो, २०१४ चा मानकरी चक्क आपल्याकडचा, लेखक पंकज मिश्रा. जन्म झाशीचा, (झाशी म्हटलं की आपण मराठी माणसं लगेच कान टवकारतो, हो ना?) आणि ज्या पुस्तकासाठी पुरस्कार मिळाला त्याचा विषय, युरोपच्या साम्राज्यांना आशियातल्या विचारवंतांनी काय उत्तर दिलं. त्यात आपले टागोरही आहेत. म्हणजे गाऱ्हाणं थेट युरोपबद्दलच, आणि ते मांडणाऱ्याला बक्षीसही युरोपनंच दिलं.