सरकारला कळवा, सासूला नाही

नमस्कार श्रोतेहो. ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीमागे मी एकतीस वर्षं बसलो. रुग्णाच्या खासगी माहितीबद्दल बोलायचंय, पण आधी एक किस्सा.

साल २००४. क्षयाचं रजिस्टर माझ्या टेबलावर उघडंच असायचं. नाव, गाव, आजार, सगळं मराठीत. तो आग्रह माझाच बरं का! राज्यकारभार मराठीत आणि दवाखान्याचा कागद तेवढा इंग्रजीत, हे मला आजही पटत नाही. असो. एक आजी गुडघ्याचं औषध न्यायला आल्या, सोबत नातू. पोरगा तिसरीतला, जोडाक्षरं नुकतीच जमायला लागलेली. 'थुंकू नये' वाचून झालं, मग टाचा उंचावून खिडकीतून रजिस्टर वाचू लागला. "आजी, काकूचं नाव!" आणि पुढच्या रकान्यावर बोट ठेवून, "क्ष क्षत्रियाचा, य यज्ञाचा... क्षय!" मागे ही रांग. बरोबर वाचलं म्हणून पोरगं माझ्याकडे बघून हसतंय. आजींनी पदर नाकाला लावला.

तेव्हा आठवड्यातून तीनदा येऊन सिस्टरसमोर गोळ्या घ्यायच्या असत. काकू सोमवारी आली नाही, बुधवारी नाही. सिस्टर घरी गेल्या, तर सून माहेरी धाडलेली. त्यांनीच धावपळ करून माहेरजवळच्या केंद्रात तिचं औषध सुरू करून दिलं. मला एवढंच म्हणाल्या, "भाऊसाहेब, रजिस्टर मिटायला कितीसा वेळ लागतो हो?"

आता थोडक्यात नियम. क्षयाचा रुग्ण सापडला की सरकारला कळवायचं, खासगी डॉक्टरनंसुद्धा, असं २०१२ पासून आहे. त्यावरच औषध मिळतं, पोषणाचे पैसे खात्यात येतात. पण सरकारला कळवायचं, सासूला नाही. पुन्हा सांगतो, सरकारला कळवायचं, सासूला नाही! शेजाऱ्याला नाही, सरपंचाला नाही. एचआयव्हीसाठी तर २०१७ चा स्वतंत्र कायदाच आहे. खिडकीवर कुणी मोठ्यानं "काय होतंय?" विचारलं, तर खुशाल म्हणा, "डॉक्टरांनाच सांगेन."

मी दुसऱ्याच दिवशी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा आणून रजिस्टरवर ठेवला. निवृत्त होताना नव्या बाईंना चार्ज दिला, त्या यादीत किल्ल्या, शिक्के आणि तिसऱ्या नंबरला तो पुठ्ठा लिहून दिला.