आंबटाची आवड असलेले जिवाणू

नमस्कार श्रोतेहो.

थंडी पडली की सासवडकडच्या शिवारात पहाटे हरभऱ्यातून एक फेरी मारा. दवानं पोटऱ्या भिजतात आणि थोड्या वेळानं कातडी चुरचुरायला लागते. ही हरभऱ्याची आंब. जुनी माणसं पिकावरून ओलं फडकं फिरवायची, ते पिळून आंब बाटलीत भरून ठेवायची. पोटदुखीला घरचं औषध. या आंबेत मॅलिक आम्ल भरपूर असतं. आज बोलायचंय ते याच आम्लाबद्दल, फक्त पानावरच्या नाही, मुळावरच्या गाठीतल्या.

गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधून पिकाला देतात. हे काम फार खर्चाचं. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, किमान 16 रेणू लागतात. हा खर्च झाड भागवतं. आपल्याला वाटतं, साखर देत असेल. पानातली साखर मुळापर्यंत येते हे खरंच. पण गाठीत झाड ती फोडतं, तिचं मॅलेट, म्हणजे याच मॅलिक आम्लाचं एक रूप, करतं आणि तेच जिवाणूंपुढे ठेवतं.

जिवाणूंनाही तेच हवं असतं! आपल्या आतड्यातला ई. कोलाय आधी ग्लुकोज संपवतो, मग दुसरीकडे वळतो. पॅरिसमध्ये शास्त्रज्ञ जाक मोनो यांनी 1941 च्या सुमारास हे दाखवलं. रायझोबियमची तऱ्हा बरोबर उलटी. एकाच चंबूत ग्लुकोज आणि सक्सिनेट, म्हणजे मॅलेटचंच भावंड, दोन्ही घाला. बहुतेक रायझोबियम आधी सक्सिनेट संपवतात, आणि तोवर साखर पचवणारी यंत्रणा दाबून ठेवतात. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

मॅलेट आत घ्यायला पेशीला खास दार आहे, डीसीटी-ए नावाचं प्रथिन. बाहेर मॅलेट आलं की डीसीटी-बी त्याची चाहूल घेतं, डीसीटी-डीला निरोप देतं, आणि मग या दाराचं जनुक चालू होतं. हे दार बिघडलेले जिवाणू मुळावर गाठी करतात, पण नायट्रोजन बांधत नाहीत. गाठी दिसतात, पीक मात्र पिवळं.

शेतकरी मित्र विचारतात, बीजप्रक्रियेत गुळाचं पाणी घालतो ते जिवाणूंच्या खाण्यासाठी ना? नाही. गूळ मुख्यतः संवर्धक, म्हणजे पाकिटातलं जिवाणूंचं खत, बियाण्याला चिकटून राहावं म्हणून. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं पाकीट चोळा, सावलीत सुकवा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. आणि युरिया हात राखून टाका. जमिनीत नत्र जास्त झालं की झाड गाठींना पोसणं कमी करतं.

पीक फुलावर येण्याच्या सुमारास खुरप्यानं एक झाड मातीसकट अलगद काढा. मुळं पाण्यात हलकेच धुवा, एक गाठ नखानं चिरा. आत गुलाबी लाल दिसलं, तर जिवाणू कामाला लागलेत.